गुरुजींनी शिकायचे कोणाकडून?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आमच्या खानदेशात दोन गोष्टी हमखास होतात. घरोघरी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात आणि तापीकाठच्या सारंगखेड्याकडे माणसांची रीघ लागते. एकमुखी दत्ताचे दर्शन, घोड्यांचा बाजार, आणि परतताना पिशवीत गोडीशेव. सारंगखेडा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण १९९८ च्या जुलैपर्यंत तो सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. त्यामुळे आम्हा धुळे-जळगावकरांना ती यात्रा परकी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी, सेवानिवृत्तीनंतर, मी त्या यात्रेला गेलो होतो. दर्शन झाले. एका दुकानावर गोडीशेव, रेवड्या असे काहीबाही घेतले. पाचशेची नोट दिली. दुकानदार म्हणाला, "एकशे सत्त्याऐंशी झाले." आणि क्षणाचाही विचार न करता त्याने आधी तेरा रुपये माझ्या हातावर ठेवले, मग शंभराच्या तीन नोटा. "हे दोनशे, आणि हे पाचशे." कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. मी निघणार तोच तो म्हणाला, "गुरुजी, वळखं का माले?"

माझाच विद्यार्थी. चौथीला होता माझ्याकडे. नाव सांगत नाही. पाचवीत त्याची शाळा सुटली. मी सहज म्हणालो, "अरे, हिशोब किती झटपट करतोस!" तो हसला. "नही गुरुजी, गणित माले कधी जमनं नही. तुम्हीच म्हणायचे ना, दगड आहे म्हणून."

दत्तभक्त वाचकहो, दर्शन घेऊन मी दहा पावलेही आलो नव्हतो. त्या एका वाक्याने सगळे पुण्य खाली आणले. तो रागाने बोलला नव्हता. खरे तर तेच जास्त लागले. मी दिलेले 'दगड' हे नाव त्याने खरे मानून तीस वर्षे सांभाळले होते. रोज शेकडो हिशोब अचूक करणारा माणूस स्वतःला गणितात ढ समजत होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात आहे, तोच इथे मांडतो. शिक्षकाने नोकरी लागल्यावर पुन्हा शिकणे, कोणाला तरी आपला तास पाहू देणे, आपली चूक समजून घेणे, ही त्याची हौस की त्याचे कर्तव्य? आणि तो शिकला नाही, तर तो नुसता आळस की दोष?

आपल्या संप्रदायात या प्रश्नाची सुरुवात यदुराजापासून करावी लागते. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदूला एक तरुण अवधूत भेटतो. तो अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू, अशी आपली श्रद्धा. राजा विचारतो, हे शहाणपण तुम्हाला आले कोठून? अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी. कबुतर, अजगर, पतंग, मासा. बाण घडवणारा कारागीर, हातात बांगड्या असलेली कुमारिका, पिंगला नावाची वेश्या. यादी आपल्या सगळ्यांना पाठ असते. पण त्यात एक नाव आहे, त्याच्याकडे मी शिक्षक असूनही कितीतरी वर्षे लक्ष दिले नव्हते. ते नाव आहे बालक.

दुसरी गोष्ट. सगळेच गुरू अनुकरण करण्यासारखे नाहीत. कबुतर मोहापायी जाळ्यात सापडले, पतंग ज्योतीवर जळाला, मासा गळाला लागला. काय करू नये हे त्यांच्याकडून अवधूत शिकला. म्हणजे चूकसुद्धा गुरू होते, फक्त ती कोणीतरी नीट पाहिली पाहिजे.

आता माझीच चूक सांगतो. माझी डी.एड. झाली, नोकरी लागली, आणि मनाने घेतले की शिकणे संपले, आता शिकवायचे. प्रशिक्षणे होत. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचे, चोवीस वर्षांनी निवडश्रेणीचे, मध्ये अभ्यासक्रम बदलला की त्याचे. हॉल गच्च भरलेला, वर पंखा गरगरतोय, पुढे कोणीतरी पुस्तकातले वाचून दाखवतोय. मागच्या बाकांवर आम्ही बदलीच्या गप्पा मारतोय. सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी सही, शेवटी प्रमाणपत्र. पालथ्या घड्यावर पाणी. घडा पालथा होता हे खरे, पण पाणी ओतणाऱ्यानेही तो सुलटा आहे का हे कधी पाहिले नाही.

मग आमच्या केंद्राला एक केंद्रप्रमुख आले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. नाना शाळेत आले की आधी शेरेबुक मागायचे नाहीत. मुलांच्या मागे बसकर टाकून बसायचे. माझा वजाबाकीचा तास चालू होता, हातच्याची वजाबाकी. मी जोरात शिकवत होतो. तास संपल्यावर नाना बाहेर कडुनिंबाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "गुरुजी, छान शिकवलंत. तुम्ही तेवीस प्रश्न विचारले. त्यातले सतरा पुढच्या चारच पोरांना विचारले. बाकीची तीस पोरं काय करत होती, पाहू या का?"

रागावले असते तर मी भांडलो असतो. पण त्यांनी फक्त मोजून सांगितले होते.

आत येऊन त्यांनी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीची वही घेतली. बेचाळीस वजा सतरा, उत्तर पस्तीस. मी फुली मारली होती. नानांनी तिला अहिराणीत विचारले, "कसं केलंस ते सांग बरं, बेटा." मुलगी आधी गप्प. माझ्यासमोर ती फक्त 'माले समजनं नही' एवढेच बोलायची, आणि तेही मी 'शुद्ध बोल' म्हणून दटावायचो. नाना अहिराणीत बोलले तशी ती मोकळी झाली. म्हणाली, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. चारातून एक, तीन. झाले पस्तीस.

नानांनी विचारले, "हे कोणी शिकवलं?" मुलीने माझ्याकडे बोट दाखवले.

आणि ते खरे होते! पहिली-दुसरीत मीच पुनःपुन्हा सांगितले होते, "नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची." पोरीने माझे वाक्य मनापासून पाळले होते. तिची चूक माझ्या वाक्यातून जन्मली होती. फुली मात्र तिच्या वहीवर होती.

नंतर नाना दर महिन्याला यायचे. पुढच्या वेळी काडीपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून आणले. एक गठ्ठा सोडून सुट्या काड्यांत कसा मिसळायचा हे आधी मी करायचे, मग मुलांनी. त्या पुढच्या वेळी म्हणाले, "आता मी शिकवतो, तुम्ही मागे बसा आणि माझ्या चुका मोजा." मी पाच मोजल्या. ते हसून म्हणाले, "सहावी तुमच्या नजरेतून सुटली." हॉलमधल्या पंधरा प्रशिक्षणांनी जे झाले नाही ते त्या एका वर्षात झाले. शिक्षकाला हवा असतो तो असा सोबती: पाहणारा, विचारणारा, पुन्हा येणारा, आणि पाहिलेले वरच्या साहेबाच्या कानी न घालणारा.

पण सारंगखेड्याचा माझा विद्यार्थी नाना येण्याच्या आधीचा. त्याच्या वहीवर किती फुल्या माझ्याच वाक्यांच्या होत्या, देव जाणे.

आता प्रश्नाकडे येतो. आपल्या भागातला शेतकरी पाहा. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की तो शेजारच्या बांधावर जाऊन विचारतो, "दादा, तू काय फवारलं?" रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी टिश्यूची रोपे आणि ठिबक एकमेकांच्या बागा पाहूनच आपल्याशा केल्या. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. का? कारण न शिकल्याचे नुकसान त्याच्याच घरात येते. शिक्षकाचे तसे नाही. मी शिकलो नाही तरी माझा पगार एक तारखेला होतो. नुकसान त्या लेकराचे होते, आणि त्या लेकराला ते कळतही नाही. ते समजते की आपणच दगड. ज्या चुकीचा दंड दुसऱ्याने भरायचा आणि ज्याने भरायचा त्याला दादही मागता येत नाही, ती चूक सुधारण्याची टाळाटाळ म्हणजे नुसता आळस नाही. माझ्या मते तो दोष आहे.

गुरुचरित्राचा आठवा अध्याय सप्ताहात आपण सगळेच वाचतो. अंबिकेचा मुलगा मंदमती. बाप शिकवू पाहतो, जमत नाही म्हणून संतापतो. पुढे बाप जातो, लोक हिणवतात, आणि माय-लेक कृष्णेत जीव द्यायला निघतात. तेव्हा कुरवपूरला श्रीपाद श्रीवल्लभ त्यांना अडवतात आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात. तो ज्ञानी होतो. ती प्रभूंची कृपा. आपण सामान्य शिक्षक, आपल्या हातात ते सामर्थ्य नाही. पण एवढे तरी दिसते ना, की जगाने ज्याला मूर्ख ठरवून टाकले होते त्याला प्रभूंनी मूर्ख ठरवले नाही? तेवढे करायला सिद्धी लागत नाही. 'कसं केलंस?' असे विचारले तरी पुरते.

शिक्षक मंडळी म्हणतील, बोलणे सोपे आहे. दोन शिक्षक, चार वर्ग. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, रोजची ऑनलाइन माहिती, फोटो अपलोड. त्यात प्रशिक्षणाचा आदेश येतो तोही आदल्या संध्याकाळी. हे खोटे नाही. मी ते भोगले आहे. १९८६ च्या शिक्षण धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. धुळ्यात आहे, जळगावात आहे. २०२० च्या धोरणाने सांगितले की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या वाढीसाठी शिकावे. आकडा चांगला. पण ते तास मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून, बाजूला स्वयंपाक करत भरले, तर प्रमाणपत्र मिळेल, बेचाळीस वजा सतरा पस्तीसच राहील. शिक्षकाला वेळ देणे, केंद्रप्रमुखाच्या डोक्यावरचे कागद कमी करून त्याला वर्गात बसू देणे, ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती मागितलीच पाहिजे.

पण 'व्यवस्था वाईट, म्हणून मी शिकणार नाही' हे उत्तर त्या मुलीपुढे उभे राहून देता येते का? मला तरी देता आले नाही.

अमळनेर आपल्या जवळच. तत्त्वज्ञान मंदिर तिथलेच, आणि १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते तेही तिथेच. मुलांना घडवायचे तर मुले कशी राहतात हे कळले पाहिजे, म्हणून ते छात्रालयात मुलांबरोबर राहिले, त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढले. त्यांना तसा आदेश कोणी काढला नव्हता. रोज मुलांसाठी काही नवे लिहायचे म्हणजे रोज मुलांकडे पाहणे आले.

कोणी विचारेल, अवधूताला कुठे कोणी मार्गदर्शक होता? तो तर एकटा फिरत शिकला. खरे आहे. पण अवधूताला अहंकार नव्हता, म्हणून त्याला कबुतरातही गुरू दिसला. आपल्याला समोरच्या वहीतही दिसत नाही. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ती पाहायला दुसरा माणूस लागतो. आणि यदूही विसरू नका. तो राजा होता, तरी रस्त्यावरच्या एका फिरस्त्यापुढे हात जोडून त्याने विचारले. माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसाला अवधूतापेक्षा यदू व्हायला जास्त कष्ट पडतात.

म्हणून या दत्तजयंतीला माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना तीनच गोष्टी सुचवतो. फुली मारण्याआधी मुलाला, त्याच्या घरच्या बोलीत, 'कसं केलं?' विचारा. महिन्यातून एकदा शेजारच्या शाळेतल्या सोबत्याला आपल्या वर्गात मागे बसवा, आणि तुम्ही त्याच्या वर्गात बसा. आणि त्या दिवशी आपली एक चूक वहीत लिहा, साहेबांसाठी नाही, स्वतःसाठी.

त्या दुकानावर मी त्याला म्हणालो, "अरे, एकशे सत्त्याऐंशीपासून पुढे मोजत पाचशेवर गेलास ना, तीच वजाबाकी. ती तुला येत होती. मला शिकवता आली नाही." तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग गिऱ्हाईक आले. त्याने तराजू उचलला आणि माझ्या पिशवीत, मी नको नको म्हणत असताना, मूठभर गोडीशेव वरून टाकली.

ती मी प्रसाद म्हणून घरी आणली.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!