आपला माणूस आणि गावाचा पैसा

चाकण एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या आणि महाळुंग्यासारख्या गावांचं रूप पालटलं. शिवारात बजाजचा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर आले. अशा गावांत मोबदल्याच्या पैशातून कुणी जेसीबी घेतला, कुणी डंपर, कुणी पाण्याचा टँकर. कुणी कंपन्यांना कामगार पुरवू लागला. धंदे कष्टाचे आहेत, त्यात गैर काही नाही. पण याच घरांतलं कुणी पंचायतीत निवडून येतं, कुणी सरकारी नोकरीत असतं, आणि गावातला रस्ता, गटार, पाण्याची टाकी बांधायलाही हीच यंत्रं लागतात. हितसंबंधांचा गुंता इथे लबाडीने सुरू होत नाही. तो घरातूनच सुरू होतो, म्हणून तो लवकर डोळ्यांवरही येत नाही.

कायद्याने हे ओळखलं आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. यातल्या ‘अप्रत्यक्ष’ची व्याप्ती मोठी आहे. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाड नगरपालिका कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये म्हटलं की मुलगा पालिकेत नोकरीला आणि बापलेक एकाच घरात राहत असतील, तर बापाचाही त्या नोकरीत हितसंबंध येतो. सदस्य नसलेल्या नोकरदारांसाठी वर्तणूक नियम आहेत.

तरीही खरी परीक्षा कोर्टात होत नाही, ती गटाराच्या कडेला होते. वित्त आयोगाचा निधी आता थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो आणि त्यातला मोठा भाग पाणी व स्वच्छतेसाठीच राखलेला असतो. समजा, त्यातून गटार बांधलं. अभियंता टेप लावतो. काँक्रीटची जाडी चार इंच हवी, भरते तीन. ठेकेदार त्याचा सख्खा मेहुणा आहे, रविवारी दोघांना एकाच पंगतीत बसायचंय. मोजमाप पुस्तकात काय लिहायचं? प्रामाणिक माणसालाही या जागी उभं करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जाडी खरोखर चार इंच भरली आणि त्याने तसंच लिहिलं, तरी गाव म्हणणार, मेहुण्याचं काम, लिहिणारच तो.

पेशवाईतल्या रामशास्त्री प्रभुण्यांची एक आख्यायिका पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दक्षिणा वाटपात त्यांचा भाऊ पुढे आला. शास्त्रीबुवांचा भाऊ म्हणून त्याला जास्त द्यावं, असं नाना फडणिसांनी सुचवलं. शास्त्री म्हणाले, याच्या विद्येच्या माणसाला जे देता तेच द्या; भाऊ म्हणून द्यायचं ते मी माझ्या घरून देईन. भावावरचं प्रेम त्यांनी लपवलं नाही, फक्त त्याचा खर्च सरकारी तिजोरीवर टाकला नाही.

‘सगळं गावच भावकीचं, मग नात्याबाहेरचा माणूस आणायचा कुठून?’ हा प्रश्न खोटा नाही. पण कर्मचाऱ्याच्या नातलगाने निविदाच भरू नये, असं माझं म्हणणं नाही. त्या नातलगाच्या कामाचा अंदाज, मोजमाप आणि बिल यांवर त्या कर्मचाऱ्याची सही नको, एवढंच. त्यासाठी कर्मचाऱ्याने आधीच वरिष्ठांना लेखी कळवावं, ‘हे काम माझ्या मेहुण्याचं आहे, मोजमाप दुसऱ्याकडे द्या.’ वरिष्ठांनीही त्याला संशयाने न पाहता कागद लगेच दुसऱ्याकडे वळवावा. हे कळवायला पैसा लागत नाही. घरात थोडा रुसवा सोसावा लागतो, आणि तेवढं धैर्य सार्वजनिक नोकरीत असायलाच हवं.

गावकऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. निधीचा हिशेब ग्रामसभेसमोर येतो तेव्हा आपण रकमा ऐकून उठतो. यापुढे प्रत्येक कामाला एक प्रश्न विचारू या: ठेकेदार, मोजणारा आणि सही करणारा यांचं आपसांत नातं काय? उत्तर इतिवृत्तात लिहून घेऊ या. हे विचारणं म्हणजे कुणाला चोर म्हणणं नव्हे. सरळ माणसाला आपला सरळपणा चारचौघांत दाखवण्याची संधी मिळते ती अशा प्रश्नामुळेच.