अकरा दिवस आधी

परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो. ही तारीख हलत नाही, म्हणून ती सगळ्या शहराच्या तोंडी असते. आमच्या घरातले बाकीचे पवित्र दिवस मात्र हलतात. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. पंचांगासारखा अधिक महिना त्यात नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८चे रोजे मे-जूनच्या मराठवाडी उन्हात होते, २०२६चे फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०३०मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल.

मग पवित्र नेमकं काय? तारीख नाही, ऋतूही नाही.

शब-ए-कद्रचा विचार करा. हजार महिन्यांहून श्रेष्ठ मानलेली ही रात्र. हजार महिने म्हणजे ८३ वर्षं ४ महिने, अख्खं आयुष्यच. पण ती कोणती, हे नक्की सांगितलेलं नाही. रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत, त्यातही विषम रात्रींत ती शोधायची. बहुतेक जण सत्ताविसावी रात्र जागतात. पण तारीख पक्की ठाऊक असती, तर आपण मोबाइलवर रिमाइंडर लावून एका रात्रीत हिशेब मिटवला असता. ती लपलेली आहे म्हणून शेजारच्या साध्या रात्रीही जपाव्या लागतात. मला वाटतं, पवित्र दिवसाचं खरं काम हेच आहे.

याची परीक्षा आमच्या राज्यात २०२२ आणि २०२३मध्ये झाली. दोन्ही वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या, १० जुलै आणि २९ जूनला. यामागेही चंद्रच. चंद्र दिसल्यापासून मोजलेली दहावी तारीख शुद्ध एकादशीच्या आसपासच पडते. परभणी तर शेगावच्या पालखीच्या वाटेवरचं शहर, आणि गंगाखेड जनाबाईंचं गाव. इथे आषाढी कुणाला परकी नाही.

त्या दिवशी अनेक गावांतल्या मुस्लिमांनी ईदची नमाज अदा केली आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी दिली. धर्मात त्याला जागा आहेच, कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते. तरीही काहींनी विचारलं, दरवेळी आम्हीच का थांबायचं?

हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. भीतीपोटी थांबणं म्हणजे माघार. दुसऱ्याने हक्काने मागावं असंही ते नाही. पण शेजाऱ्याचा उपवास आहे म्हणून आपणहून थांबलो, तर ते थांबणंही कुर्बानीचाच भाग होतं. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, मनातली निष्ठा पोहोचते, अशीच आमची श्रद्धा आहे. ईद त्याने कमी झाली नाही.

असा योग पुन्हा यायला आता तीसेक वर्षं लागतील. तोवर शेजाऱ्याचा विचार करायला साधे दिवस भरपूर आहेत.