न पाहिलेल्याची साक्ष

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी वा बोरिवली येथील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवस उजाडतो तो गणपतीच्या वा विठ्ठलाच्या चित्राने; पाणी केव्हा बंद राहणार, लिफ्ट केव्हा दुरुस्त होणार ही उपयुक्त वर्दी मधूनमधून येते; आणि रात्री निजण्याच्या बेतात असता एखादा इशारा येऊन पडतो की, मुले पळविणारी टोळी आपल्या भागात फिरत आहे. त्याच्या शेवटी बहुधा एक वाक्य असते: ‘खरे-खोटे माहीत नाही, आले तसे पुढे पाठवीत आहे.’ एवढे लिहिल्याने पाठविणाऱ्याची जबाबदारी संपते काय, हा प्रश्न मला शिष्टाचाराचा किंवा केवळ कायद्याचा वाटत नाही. तो पापपुण्याचा आहे.

१ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या दारोदार हिंडणारी. पण मुले पळविणाऱ्यांचा मजकूर त्यांच्या आधी तेथे पोहोचला होता. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, बोरिवलीच्या अलीकडच्या कांदिवलीहून सुरतेला आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांचे बळी झाले. आणि त्यांच्या मृत्यूनंतर मारेकऱ्यांच्या धर्माविषयी दुसरीच अफवा इतक्या वेगाने पसरली की, २२ एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतील १०१ जणांची नावे जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नाही हे सांगावे लागले. दारी आलेल्या गोसाव्याला पसाभर धान्य घातल्याशिवाय परत न पाठविणाऱ्या या प्रांतात, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडच्या शब्दापेक्षा कोणी लिहिला हेही ठाऊक नसलेला मजकूर अधिक खरा ठरला, याचे दुःख मला अद्याप ओसरत नाही.

न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले खरे, पण त्याचे भाष्यकार वात्स्यायन यांनी अट घातली की, सांगणाऱ्याने ती गोष्ट साक्षात् जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. असा पुरुष ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ, त्याचा शब्द ग्राह्य. मुलुंडच्या मावशी घाटकोपरच्या भाचीला टोळीचा इशारा पाठवितात तेव्हा त्यांचा हेतू निर्मळ असतो, आणि म्हणूनच भाचीचा विश्वास बसतो. परंतु मावशींनी ती टोळी पाहिलेली नसते, त्यांना कळविणाऱ्यानेही नसते. अशा रीतीने माया ज्ञानाच्या आसनावर बसते, आणि ते आसन रिकामे होते हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मी कर्ता नव्हे, केवळ वाहक आहे.’ पतंजलींनी हिंसेचे प्रकार सांगताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली अशा तिन्हींना एकाच पंक्तीत बसविले आहे; घाटकोपर-बोरिवलीतील आपले जैन शेजारी संवत्सरीला प्रतिक्रमण करतात तेव्हा तेही याच तीन वाटांनी घडलेल्या दोषांची क्षमा मागतात. टपालवाला बंद पाकीट पोहोचवितो, त्यातील मजकुराशी त्याचा संबंध नाही. येथे पाठविणारा मजकूर वाचतो, कोणाला धाडायचा हे निवडतो, आणि त्याला आपल्या नावाची पत देतो. हे अनुमोदन नव्हे तर काय? जुन्या मराठी दस्तऐवजांत ज्याच्या हातून लेखन झाले त्याचे नाव ‘बिकलम’ म्हणून येई, साक्षीदारांची नावे खाली येत, आणि ज्याला अक्षर येत नसे तो कुणबीदेखील आपली नांगराची निशाणी उमटवून शब्दाला बांधला जाई. आजचे लिहितेवाचते लोक मात्र, शहानिशा न करता, बिकलम नसलेल्या कागदावर रोज साक्ष घालीत आहेत.

व्हॉट्सॲप कंपनीने निर्बंध घातले नाहीत असे नाही. जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्यासारख्या घटनांनंतर, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठविता येईल असे ठरले. ७ एप्रिल २०२० रोजी, पुष्कळदा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल अशी तजवीज झाली. त्यानंतर नवव्या दिवशी गडचिंचले घडले. यंत्र वेग कमी करू शकते; खातरजमा माणसानेच करावयाची असते.

लेकराच्या काळजीपोटी शहानिशेपर्यंत थांबवत नाही, ही आईची अडचण खरी आहे, आणि तिला मी हलके लेखणार नाही. पण काळजी खरी असेल तर पहिला फोन ११२ क्रमांकावर पोलिसांना जावा, तीनशे माणसांच्या ग्रुपला नव्हे. म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे: असा मजकूर येताच पाठविणाऱ्याला, तो वडीलधारा असला तरी, नम्रपणे विचारा की, हे आपण स्वतः पाहिले काय. उत्तर नकारार्थी आले, तर तो मजकूर आपल्यापाशी थांबवा आणि ग्रुपवर तसे सर्वांना कळवा.