‘बलिदान’ या शब्दाआड

ऑगस्ट आला की आमच्या वांकिडी गावात फ्लेक्स लागतात आणि त्यांवर सरसकट प्रत्येक मरणाला ‘बलिदान’ म्हटलेले असते. कोविडात पुरेशा पीपीई किटविना राबून गेलेल्या परिचारिकांनाही हाच शब्द चिकटवला गेला. मला त्याची धास्ती वाटते. बळी आपल्या पायांनी वेदीकडे जात नाही, त्याला कोणीतरी नेतो. शब्द उच्चारला की नेणाऱ्याचे नाव पुसले जाते.

बाजीप्रभूंची कथा आपल्याला पाठ आहे. तिच्यात मरण कामाला बांधलेले आहे: शिवाजी राजा विशाळगडी पोचेस्तोवर खिंड राखायची. पुढे ‘हुतात्मा’ रुळला. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत फ्लोरा फाउंटनला लोक मरायला जमले नव्हते, गोळी सरकारने झाडली, हे मात्र त्या शब्दात उरले नाही.

जगभर अशीच चुकीची वाचली जाते ती दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका-जपान यांची मिडवेची लढाई. ४ जून १९४२. हॉर्नेट या अमेरिकन विमानवाहू नौकेवरून जॉन वॉल्ड्रनची टॉर्पेडो तुकडी निघाली: १५ विमाने, ३० माणसे. सोबत लढाऊ विमाने उरली नाहीत. संथ गतीने, पाण्याला जवळजवळ टेकून ते जपानी नौकांवर गेले. सगळी विमाने पडली, एकच माणूस वाचला. त्यांनी शत्रूची विमाने खाली ओढून डाइव्ह-बॉम्बरांना वाट करून दिली, असे सांगितले जाते. पण वॉल्ड्रनचा हल्ला सकाळी साडेनऊच्या सुमारास आटोपला होता आणि डाइव्ह-बॉम्बर आले सुमारे तासाभराने. तेवढ्या वेळात जपानी झीरो लढाऊ विमानांना पुन्हा उंची गाठता येत होती. वॉल्ड्रननंतर आलेल्या शेवटच्या टॉर्पेडो तुकडीने त्यांना गुंतवले हे खरे. पण तीही जहाज बुडवायलाच निघाली होती. शत्रूला सतत वळायला लावले, हे या सगळ्यांचे मोठे काम. तरी त्या दिवशी या विमानांचा एकही टॉर्पेडो लक्ष्याला लागला नाही. त्या काळचा मार्क १३ टॉर्पेडो सदोष होता. फार खालून, फार हळू जाऊनच टाकावा लागे. तो सुधारला आणि ७ एप्रिल १९४५ रोजी त्याच जातीच्या टॉर्पेडोंनी जपानी युद्धनौका यामातो बुडाली. ‘बलिदान’ म्हणून हात जोडून थांबले असते, तर टॉर्पेडो तसाच राहिला असता. वॉल्ड्रनला कामिकाझे या जपानी आत्मघाती वैमानिकांच्या रांगेत बसवणे मला त्याचा अपमान वाटतो. त्यांच्यासाठी मरण ही योजनाच होती. वॉल्ड्रन टॉर्पेडो लावायला गेला होता.

गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात अलिझे विमान उभे आहे. पाणबुड्या हुडकणारे, टॉर्पेडो वाहणारे, तीन माणसांचे. १० डिसेंबर १९७१ रोजी असे एक विमान पाकिस्तानी स्टारफायटरने पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि दोन सोबती परतले नाहीत. त्यांना नमस्कार करताना विचारावेसे वाटते: त्यांच्यावर लढाऊ विमानाचे छत्र का नव्हते?

आणि आमचा गोंड पुढारी कोमरम भीम. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी त्याला मारले. मग सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचे गाऱ्हाणे समजून घ्यायला पाठवले आणि जमिनीचे पट्टे निघू लागले. भीम जिवंत असताना जमीनच मागत होता.