जोडांचं बिऱ्हाड

1911 साली धुंडिराज गोविंद फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावातल्या 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये गेले. पडद्यावर जनावरं चालताना पाहून पोरगं हरखलं. घरी येऊन त्यानं ते सांगितलं, तर कुणी विश्वास ठेवेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळक्यांनी सगळ्या घरालाच नेलं. ईस्टरचे दिवस होते आणि त्या खेळात येशू ख्रिस्ताचं चरित्र लागलं होतं. ते पाहताना आपल्या मनात राम आणि कृष्ण उभे राहत होते, असं फाळक्यांनी पुढं 1917 साली 'नवयुग' मासिकात लिहिलं. 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, तेव्हा त्यातला रोहिदास होता हाच भालचंद्र.

परक्या चित्रपटात आपली माणसं दिसणं, ही पहिल्यांदा चित्रपट पाहणाऱ्याची मोठी ताकद आहे. दिग्दर्शक कोण, कथा कुठल्या देशातली, हे त्याला ठाऊक नसतं. त्याला चेहरा दिसतो आणि तो चेहरा तो लगेच ओळखीच्या माणसाशी जोडतो.

महाराष्ट्राच्या खेड्यांत आयुष्यातला असा पहिला चित्रपट बहुधा जत्रेतल्या तंबूत भेटला. ट्रकवरून प्रोजेक्टर यायचा, पडदा ताणला जायचा, लोक जमिनीवर बसायचे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या 2016च्या माहितीपटात या फिरत्या टॉकीजचे अखेरचे दिवस टिपलेले आहेत. त्या तंबूत पोराच्या शेजारी आजी असायची, शेजारीपाजारी असायचे. कुठं हसायचं आणि कुठं डोळे पुसायचे, हे पोर त्यांच्याकडून शिकायचं.

बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या देऊळघाटसारख्या गावातल्या पोरानं अशा गर्दीत बसून बघावा, असा एक हॉलिवूडपट आहे : 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'. जॉन स्टाइनबेकची कादंबरी 1939 सालची, जॉन फोर्डचा चित्रपट 1940चा. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब कुळानं जमीन कसत असतं. धुळीची वादळं, नापिकी आणि वरून बँकेचा हुकूम. मग सगळा संसार एका मोडक्या ट्रकवर लादून ते कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाची वाट धरतात.

त्यातला म्यूली नावाचा शेतकरी बंदूक घेऊन आपल्या घरासमोर उभा राहतो. ट्रॅक्टर चालवणारा मात्र शेजाऱ्याचाच मुलगा निघतो. रोजाच्या तीन डॉलरसाठी तो हे काम करतोय. मग गोळी घालायची कुणाला? कंपनीचा माणूस बँकेकडे बोट दाखवतो आणि बँकेला हुकूम आणखी लांबून येतो. बुलढाणा जिल्ह्यात ज्यानं कर्जाच्या कागदांसाठी खेटे घातलेत, त्याला या प्रसंगाचा अर्थ सांगावा लागत नाही.

मराठी प्रेक्षकाला ही कथा नवीही नाही. फोर्डच्या पंधरा वर्षं आधी, 1925 साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. नारायण हरी आपट्यांच्या कथेतला शेतकरी जमीन गमावून शहरातल्या गिरणीत जातो. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती.

ओक्लाहोमातलं आणि वऱ्हाडातलं दुःख अगदी सारखं नाही, हेही म्हणायला हवं. जोड दुसऱ्याच्या जमिनीवरची कुळं होती. वऱ्हाडातल्या कितीतरी शेतकऱ्यांचा सातबारा त्यांच्याच नावावर असतो. तरी कपाशीचा भाव, कोरडवाहू रान आणि कर्ज मिळून ती जमीन पोटाला पुरू देत नाहीत. 2006 साली पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भातले सहा जिल्हे घेतले गेले, त्यांत बुलढाणा होता. पण घर सोडण्याच्या आदल्या रात्री जुनी पत्रं जाळता जाळता त्या कुटुंबाची आई, मा जोड, कानांतले डूल आरशात धरून बघते, तेव्हा हा फरक मागं पडतो. या भूमिकेसाठी जेन डार्वेलला ऑस्कर मिळालं.

पोरांसाठीही त्यात जागा आहे. वाटेतल्या हॉटेलात दोन मुलं गोळ्यांकडे टक लावून बघतात. वाढणारी बाई एका पेनीला दोन सांगते आणि गोळ्या देते. मुलं गेल्यावर कळतं की एकेका गोळीची किंमत पाच सेंट होती. हे समजायला इंग्रजी लागत नाही.

आज हा चित्रपट मोबाइलवर एकट्यानं पाहता येतो, पण तसा तो शहरातल्या चित्रपटवेड्यांपर्यंतच पोचतो. ज्यांच्या जगण्याशी त्याचं सगळ्यांत जवळचं नातं आहे, ते त्याच्या प्रेक्षकांत जवळपास नाहीतच. जुना, कृष्णधवल, परभाषेतला चित्रपट खेड्यातली पोरं बघणार नाहीत, असं मानणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस असे आणि परदेशी चित्रपटही लोक त्याच्या आधारानं पाहत.

तीच रीत पुन्हा वापरता येईल. शाळेचं पटांगण, एक प्रोजेक्टर आणि वऱ्हाडीत गोष्ट सांगणारा एखादा शिक्षक एवढ्यावर भागेल. खेळ रात्रीचा ठेवावा, म्हणजे शेतावरून आलेली माणसंही बसतील. चित्रपट संपल्यावर दिवे लावून घाईनं सामान आवरू नये. म्यूलीनं काय करायला हवं होतं, हे आधी पोरांना विचारावं आणि मग त्यांच्या आजोबांना.