अख्खं गाव सहा जानेवारीला जन्मलं?

"एकही एरर न येता सगळा डेटा चढला," असं मला मोठ्या आनंदाने सांगितलंत. मी तक्ता उघडला आणि जन्मतारखेनुसार नोंदी मोजल्या. सहा जानेवारीला ढीग लागलाय आणि एक जूनला माणूस दिसत नाही. हे बघायला किती वेळ लागतो? एका ओळीची क्वेरी. तुमच्यापैकी एकानेही ती चालवली नाही.

तुम्ही कळंबची, भूमची, परंड्याची, वाशीची मुलं. तुमच्या आजोबांची जन्मतारीख काय आहे? कितीतरी घरांत एक जून. त्या पिढीत घरी जन्माची नोंद नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी वयाचा अंदाज घेत आणि १ जून लिहून टाकत. ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत निरोप समारंभांची रांग लागते ती याचमुळे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. आता ०१/०६ चं सहा जानेवारी केल्यावर तोच माणूस ३१ जानेवारीला घरी बसतो. चार महिन्यांचा पगार तुम्ही त्याच्या ताटातून उचललात.

कसं झालं ते नीट समजून घ्या. जुन्या मायएसक्यूएलमध्ये तारीख साध्या मजकुराच्या खान्यात होती, आधी दिवस, मग महिना. पोस्टग्रेसची डेटस्टाइल तुम्ही पाहिलीच नाहीत, ती आधी महिना वाचत होती. १७/०९/१९४८ तिने नाकारली, कारण सतरावा महिना नसतो. मराठवाडा मुक्त झाला ती तारीख अडली म्हणून तरी थांबायला हवं होतं! तुम्ही काय केलंत? अडलेल्या नोंदींत नल घातला आणि पुढे गेलात. खरं बोलणाऱ्या तारखेचं तोंड दाबलंत आणि खोटं बोलणारीला आत घेतलंत. वर्षात १३२ तारखा अशा आहेत की दिवस-महिना उलटला तरी दुसरी खरी तारीखच तयार होते. त्यांच्यासाठी कुठलाही डेटाबेस ओरडणार नाही. तिथे तुम्हीच जागं राहायचं असतं.

दोन आकडी वर्षांचंही तेच. नुसतं ४८ लिहिलं तर एक्सेल १९४८ समजतं, पोस्टग्रेस २०४८. श्रावणबाळ योजनेला पासष्ट वर्षं पूर्ण लागतात. १९४८ साली जन्मलेली म्हातारी तुमच्या तक्त्यात अजून जन्मलेलीच नाही.

आता भूकंपाची फाइल. यावर मला सर्वांत जास्त राग आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला काही मिनिटं कमी होती. विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारी लातूरचं, पण सास्तूर आपलं, उमरगा-लोहाऱ्याचा पट्टा आपला. या जिल्ह्यात ही तारीख कुणाला शिकवावी लागत नाही. आणि तुमच्या तक्त्यात ती २९ सप्टेंबर आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीतही २९ तारीख आहे आणि ती बरोबर आहे, कारण ते यूटीसी वेळ लिहितात, रात्रीचे १०:२५. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली पहाट येते. तुम्ही वेळ कापून टाकलीत, नुसती तारीख ठेवलीत आणि तीच मृत्यूंच्या नोंदींना जोडलीत. सास्तूरच्या एखाद्या घरात जाऊन सांगाल का, की तुमची माणसं आदल्या दिवशी गेली म्हणून?

अशीच खोड काही जन्मतारखांतही आहे. भारतीय मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे १८:३०. तारखेच्या खान्याला तुम्ही विनाकारण टाइमस्टँप केलंत, सर्व्हर यूटीसीवर, आणि परत वाचताना त्यांतला प्रत्येक जण एक दिवस आधी जन्मला. जन्मतारखेला टाइमझोन नसतो. तिचा खाना डेट प्रकाराचाच हवा. भूकंपाच्या क्षणाला मात्र टाइमझोन लागतोच. हा फरक तुम्हाला पहिल्या सत्रात शिकवला होता.

उस्मानाबादचं धाराशिव मात्र प्रत्येक ओळीत नीट बदललंत. म्हणजे लक्ष देता येतं तुम्हाला. मग माणसांच्या तारखांना ते का दिलं नाहीत?

सोमवारपर्यंत हे सगळं पुन्हा होईल. मूळ मजकूर जसाच्या तसा वेगळ्या खान्यात ठेवा, त्याला हात लावायचा नाही. कुठला आकडा दिवस आणि कुठला महिना ते वाचताना स्वतः लिहून सांगा, डेटाबेसला अंदाज करू देऊ नका. पूज्य-पूज्य वाल्या तारखांचा ००००-००-०० असा साठा मायएसक्यूएलने मुकाट सांभाळला होता, पोस्टग्रेस तो घेणार नाही. त्या नोंदींना नल द्या, पण त्यांची यादीही द्या. चढवून झालं की तारीखवार, वर्षवार मोजा आणि मूळ रजिस्टरची पानं उघडून ताडून पाहा.

आणि ज्या पानांवर १३४५ असं वर्ष आहे, ती बाजूला काढा. पोस्टग्रेसने ते इसवी सन म्हणून गिळलं, कारण त्याला तेही वर्ष चालतं. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइममध्ये १७५३ च्या आधीचं काही बसत नाही, तिथे निदान अडलं असतं. १३४५ हा निजामाच्या राज्यातला फसली सन आहे. त्याचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांना ५९१. महिने आजूर, दय, बहमन असे येतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून अशा एकेका पानावर लोकांचे दाखले अडलेत. तेव्हा सरसकट ५९० मिळवून मोकळे होऊ नका. मोडी आणि उर्दू वाचणारा जाणकार गाठा, महिना कोणता ते त्यांच्याकडून वाचून घ्या, आणि मगच ते वर्ष भरा.