दारी आलेल्या उमेदवाराचा मान



मराठी विषयात बी.ए. झाल्यावर एका संस्थेत मुद्रितशोधनाच्या कामासाठी मी मुलाखतीस गेलो होतो. उचगावहून सकाळीच निघालो आणि दोन तास बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आत जाताच समोरच्या गृहस्थांनी माझ्या दाढी-टोपीकडे पाहून विचारले, ‘‘मराठी वाचता येते का?’’ शेजारचे हसले. माझी प्रमाणपत्रे मेजावरच होती. ती कोणी उघडली नाहीत. नोकरी हुकल्याचे दुःख थोड्याच दिवसांत ओसरले. ते हसू मात्र मनातून गेले नाही.

आपली कितीतरी मुले शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाइल घेऊन फिरतात. त्यांच्यापैकी कोणी असे हसू सोसून घरी आला, तर त्याला काय सांगावे? प्रथम हे, की आदमच्या संततीला प्रतिष्ठा अल्लाहने बहाल केली आहे (सूरह बनी इस्राईल, आयत ७०). जे मुलाखत घेणाऱ्याने दिलेलेच नाही, ते त्याला काढूनही घेता येत नाही. दुसरे हे, की सब्र म्हणजे लाचारी नव्हे. शांतपणे व खरे उत्तर द्यावे. अन्याय झाला असेल, तर सनदशीर मार्गाने दाद मागावी. सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने मनाई केली आहे. याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या आणि १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगची उभारणी केली. आपण त्या परंपरेचेही वारस आहोत.

परंतु एवढेच सांगून थांबलो, तर ती अप्रामाणिकता ठरेल.

काही वर्षांनी मी मेजाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो. एका मशिदीत मुअज्जिन नेमायचा होता. दूरच्या गावाहून एक तरुण आला. आम्ही खुर्च्यांवर बसून चहा घेत होतो. तो उभा होता. त्याने तिलावत सुरू केली, तेव्हा आयत पूर्ण होण्याआधीच एकाने हात वर करून ‘‘बस्स’’ म्हटले. त्याने संकोचत पगाराचे विचारले. उत्तर मिळाले, ‘‘दीनची खिदमत करायला आलात की पैसे मिळवायला?’’ सारे हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. ते हसू मी ओळखले होते, तरीही गप्प राहिलो.

त्या रात्री मला सूरह अबस आठवली. पैगंबर मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना अंध सहाबी अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) काही शिकण्यासाठी आले. त्या क्षणी त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तर अल्लाहने आयती अवतरवून समज दिली. त्या अंध माणसाला तर कपाळावरची आठी दिसलीही नसेल! पुढे हेच सहाबी मदीनेत हजरत बिलाल (रजि.) यांच्यासमवेत अजान देत असत.

सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांची हकीकत आहे. परक्या मद्यन देशी ते निराधार पोहोचले. तेथील वयोवृद्ध गृहस्थांनी आधी त्यांची कहाणी ऐकून घेतली व त्यांना अभय दिले. मग कामाविषयी बोलणे झाले. सामर्थ्य आणि विश्वासूपणा एवढेच गुण पाहिले गेले. मुदत आठ वर्षांची, दहा केल्यास ती मूसांची मर्जी, असे सारे आधीच स्पष्ट ठरले.

आपल्यापैकी कोणाचे दुकान आहे, कोणाचे वर्कशॉप. कोणी मशिदीचा विश्वस्त आहे. दारी उमेदवार आला, तर त्याला बसायला सांगा, पाणी द्या. त्याचे बोलणे पूर्ण ऐका. पगार त्याने विचारण्याआधी तुम्हीच सांगा. काम द्यायचे नसेल, तर नकारही मऊ शब्दांत द्या. आणि शेजारचा कोणी हसला, तर माझ्यासारखे गप्प राहू नका.

त्या तरुणाचा पत्ता मला पुन्हा मिळाला नाही. अल्लाह त्याला सन्मानाची रोजी देवो, आमच्या मौनाला क्षमा करो आणि आपल्या मुलांना अपमान सोसूनही दुसऱ्याचा अपमान न करणारे हृदय देवो. आमीन.